उन्हाळ्याच्या सुटीतले सोबती

बेळगाव-निपाणीच्या बाजूला उन्हाळा हा दुपारपुरताच असतो, असे तिकडची मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. सकाळी गार वारा असतो, संध्याकाळी सह्याद्रीच्या अंगाने ढग चढून येतात आणि एखाद्या दिवशी वळिवाची सर पडून अंगणातली माती दरवळते. प्रश्न उरतो तो मधल्या तीन-चार तासांचा. जेवणे झालेली असतात, खिडक्या लोटून घेतलेल्या असतात, गवतात पिकत घातलेल्या आंब्यांचा वास घरभर पसरलेला असतो, वडीलधारी माणसे वामकुक्षीसाठी आडवी झालेली असतात, आणि मुलांना ‘आवाज करू नका’ एवढेच सांगून गप्प बसवलेले असते. त्यात सीमाभागातील घरांची आणखी एक गंमत आहे. कर्नाटकातील शाळांना साधारणपणे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुटी लागते आणि मे महिना सरता सरता शाळा पुन्हा उघडतात. महाराष्ट्रातील शाळांची सुटी मे महिन्याच्या आगेमागे सुरू होते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. निपाणीचा आतेभाऊ आणि कोल्हापूरचा मामेभाऊ यांच्या सुट्या एकमेकींना भेटतात त्या मे महिन्यातच. त्या एका महिन्यात घर भरलेले असते, आणि भरल्या घराला दुपारचा उद्योग हवा असतो.

हा उद्योग पुस्तकाचा असावा, यावर बहुतेक वडीलधाऱ्यांचे एकमत असते. मतभेद होतो तो पुस्तक कोणते यावर. सुटीत मुलाच्या हाती पुस्तक द्यायचे म्हणजे ते ‘उपयोगाचे’ असले पाहिजे, अशी एक समजूत फार खोल रुजलेली आहे. मग पुढल्या इयत्तेचे गणित येते, थोरामोठ्यांची बोधपर चरित्रे येतात, निबंधमाला येतात. सीमाभागातील मराठी घरात या उपयुक्ततेला आणखी एक जड किनार लाभते. मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात असते. घरात मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. ‘आपली भाषा टिकली पाहिजे, म्हणून मराठी वाच’ असे त्याला बजावण्यात येते. हेतू थोर असतो. परंतु काढ्याचा पेला आणि पुस्तक ही दोन्ही एकाच आवाजात पुढे करण्यात आली, तर मूल दोहोंकडे एकाच नजरेने पाहू लागते, आणि त्यात मुलाचा दोष नसतो.

सीमाभागात भाषेविषयीचा हा गंभीरपणा कोठून आला, हे सर्वांना ठाऊक आहे. बेळगावात १९४६ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेही मे महिन्यातच. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव १२ मे रोजी त्याच व्यासपीठावरून झाला. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा टापू तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि महाराष्ट्राने तो मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गेल्या तीन पिढ्यांनी मराठी ही भाषा ठरावांत, अर्जांत, मोर्चांत, पाट्यांच्या वादांत आणि न्यायालयाच्या तारखांत पाहिली आहे. त्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जे मूल भाषेला केवळ गाऱ्हाण्याच्या रूपात भेटते, ते मोठेपणी त्या भाषेविषयी अभिमान बाळगील, प्रसंगी तिच्यासाठी घोषणाही देईल. पण रात्री निजण्यापूर्वी तिच्यातले पुस्तक उघडीलच, असे नाही. पुस्तक उघडण्यासाठी अभिमानाच्या जोडीला गोडी लागते, आणि गोडी लावण्याचे काम जगातल्या कोणत्याही भाषेत हलक्याफुलक्या पुस्तकांनीच केलेले आहे.

‘हलके’ या शब्दाने कोणी बिचकण्याचे कारण नाही. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. हलक्या प्रतीचे कापड निराळे आणि उन्हाळ्यात अंगाला सुखावणारे हलके कापड निराळे. पुस्तकांचेही तसेच आहे. हलके पुस्तक चांगले की वाईट, हे ओळखण्याच्या कसोट्या सोप्या आहेत. ते दुसऱ्यांदा वाचतानाही हसू येते काय? ते दुबळ्याला पाहून हसते, की लेखक आधी स्वतःला हसून घेतो? आणि ते मिटल्यावर त्यातले एखादे माणूस मनात राहते, की सारा मजकूर पंख्याच्या वाऱ्यासारखा येऊन जातो? या तिन्ही कसोट्यांना उतरणारी पुस्तके मराठीत विपुल आहेत. त्यांतली काही तर थेट बेळगाव-निपाणीच्या मातीतून वर आलेली आहेत, आणि सीमाभागातल्या वाचनाचा प्रारंभ त्यांच्यापासून व्हावा हे उचित होय.

त्यांत पहिला मान प्रकाश नारायण संत यांच्या लंपनचा. ज्येष्ठ कवयित्री इंदिरा संत यांनी बेळगावात दीर्घकाळ वास्तव्य केले. प्रकाश नारायण संत हे त्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९३७ चा. ते कराड येथे भूशास्त्राचे अध्यापन करीत. त्यांनी मराठीला मोजकी चार कथापुस्तके दिली : ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. या चारही पुस्तकांचा नायक लंपन नावाचा शाळकरी मुलगा आहे. तो आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहतो. झाडांत, तळ्याकाठी, शाळेत आणि रस्त्यांवर भटकतो. सुमी नावाच्या मैत्रिणीचा विचार करतो. आणि जगातल्या निम्म्या गोष्टी त्याला ‘मॅड’ वाटतात. लंपनच्या गावाचे वळण बेळगावकडचे आहे. तिथल्या माणसांच्या तोंडी मराठीला लागून कन्नड शब्द सहज येतात, हेल येतात, हाका येतात, आणि लेखक त्यांची क्षमा मागत नाही किंवा त्यांचा तर्जुमाही करीत बसत नाही. पुण्याच्या वाचकाला तो बोलीचा नवा स्वाद वाटतो. टिळकवाडीच्या किंवा शहापूरच्या वाचकाला ते स्वतःच्या घरातले बोलणे वाटते.

सीमाभागातील मुलाला या गोष्टीचे महत्त्व किती, हे बाहेरच्यांना चटकन उमगणार नाही. असे मूल जेव्हा सुटीत पुण्याला किंवा मुंबईला नातलगांकडे जाते, तेव्हा त्याच्या मराठीला भावंडे हसतात. शाळेत त्याच्या कन्नडला हसणारे असतात. दोन्हीकडून भाषा ‘अशुद्ध’ ठरल्यावर ते मूल गप्प बसणे पसंत करते, किंवा शाळेत मिळालेल्या इंग्रजीचा आश्रय घेते. अशा मुलाच्या हाती ‘वनवास’ पडले, तर छापील अक्षरांत आपल्याच बोलण्याचा नाद त्याला प्रथम ऐकू येतो. लाज वाटावी अशी जी गोष्ट त्याला वाटत होती, तिच्यावर मोठी माणसे लुब्ध झालेली दिसतात. हे काम कोणताही ठराव करू शकत नाही. लंपनच्या कथा वरवर खेळकर आहेत. पुढेपुढे त्यांत वियोग येतो, मृत्यूही येतो. परंतु तिथवर पोहोचेतो वाचक लंपनचा इतका सोबती झालेला असतो, की दुःखाच्या प्रसंगी तो पुस्तक मिटून ठेवीत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘वनवास’ मोठ्याने वाचून दाखवावे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे चारही पुस्तके क्रमाने सोपवून मोकळे व्हावे.

दुसरा सोबती वयाने मोठा, आवाजाने दांडगा आणि मनाने लोण्याहून मऊ असा आहे. पु. ल. देशपांडे हे काही काळ बेळगावच्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या मुक्कामात त्यांना भेटलेल्या कृष्णराव हरिहर या रसिक गृहस्थांचे व्यक्तिचित्र त्यांनी पुढे ‘रावसाहेब’ या नावाने लिहिले. ते ‘गणगोत’ या १९६६ सालच्या पुस्तकात आहे. संगीत, नाटक आणि माणसे यांच्यावर जीव टाकणारे, तोंडात शिव्यांची माळ असणारे आणि मराठीच्या व्याकरणाला न जुमानणारे रावसाहेब आज सबंध महाराष्ट्राला परिचित आहेत. बेळगाव न पाहिलेल्या लाखो वाचकांच्या मनात बेळगावचा जो चेहरा आहे, तो रावसाहेबांचा आहे.

रावसाहेबांच्या मराठीची गंमत नेमकी कशात आहे, हे सुटीच्या दिवसांत मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे, कारण त्यात व्याकरणाचा एक मनोरंजक धडा दडलेला आहे. कन्नडमध्ये लिंगव्यवस्था मोठी सुटसुटीत. पुरुष तेवढे पुल्लिंगी, स्त्रिया तेवढ्या स्त्रीलिंगी, आणि बाकीची बहुतेक सारी सृष्टी नपुंसकलिंगी. मराठीत मात्र पंखा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’. तेही का, असे विचारल्यास उत्तर नाही. मग कन्नड वळणाची जीभ मराठीत आली, की खुर्चीचा पुरुष होतो आणि पंख्याची बाई होते. यात अज्ञान नाही. दोन भाषांच्या दोन निराळ्या शिस्ती एका तोंडात नांदू लागल्या, की असे घडायचेच. पु. ल. या गोंधळाला हसतात, पण त्या हसण्यात एक शब्दही तुच्छतेचा नाही. व्याकरण चुकले तरी माणूस कुठे चुकला नाही, हे त्या लेखात ओळीओळीतून जाणवते. पु. लं.नी हे व्यक्तिचित्र स्वतःच्या आवाजात वाचलेले आहे आणि ते ध्वनिमुद्रण सहज उपलब्ध आहे. ज्या मुलांना देवनागरी वाचण्याचा वेग अजून आलेला नाही, त्यांनी आधी ते ऐकावे आणि मग पुस्तक समोर ठेवून वाचावे. ऐकलेले वाक्य डोळ्यांना ओळखीचे लागते, आणि अडखळणाऱ्या वाचकाला तेवढा आधार पुरतो. ‘गणगोत’ संपल्यावर ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘अपूर्वाई’ यांकडे जाण्याची वाट कोणी दाखवावी लागत नाही.

मराठी विनोद म्हणजे पुण्या-मुंबईचीच मिरास, असे मानणाऱ्यांनी चिं. वि. जोशी यांचे स्मरण करावे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठी घरांत आज नव्वद वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. हे लिहिणारे गृहस्थ पाली भाषेचे विद्वान होते आणि त्यांचे कार्यक्षेत्र होते बडोदे. ज्या नगरात बाजारची भाषा गुजराती, तिथे बसून एका पंडिताने मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत निर्मळ विनोद लिहिला. मराठीच्या राजकीय नकाशाबाहेर मराठीचे हसू कोमेजत नाही, याला याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही. चिमणराव भित्रा आहे, बढाईखोर आहे, संसाराने गांजलेला आहे. काऊ, मोरू, मैना, राघू या त्याच्या कुटुंबकबिल्याने त्याची त्रेधा उडवलेली आहे. आणि हे सर्व तो स्वतःच सांगतो. स्वतःला हसणाऱ्या या निवेदकापाशी कोणत्याही वयाच्या वाचकाला अवघडल्यासारखे होत नाही. घरातील आजोबांनी या कथा मोठ्याने वाचाव्यात. भाषा थोडी जुनी आहे, काही वस्तू आणि चालीरीती आज नाहीशा झाल्या आहेत, म्हणून नातवंडे मधूनमधून प्रश्न विचारतील. त्या प्रश्नांच्या उत्तरांतून आजोबांचे स्वतःचे बालपण बाहेर पडेल, हा वाचनाचा वरकड लाभ समजावा.

निपाणी, चिकोडी आणि कागल या पट्ट्यातील वाचकांना आणखी एक दालन हक्काचे आहे, ते म्हणजे ग्रामीण विनोदी कथेचे. शंकर पाटील हे पट्टण कोडोलीचे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांच्या कथांतील पाटील, पाहुणे, गावच्या बैठका आणि फजित्या यांची बोली निपाणीच्या बाजारात आजही ऐकू येते. ‘वळीव’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९५८ चा. त्याचे नाव उन्हाळ्याला शोभणारे असले, तरी हसण्यासाठी वाचकाने त्यांची ‘धिंड’ ही कथा आधी वाचावी. द. मा. मिरासदार यांची ‘व्यंकूची शिकवणी’ आणि ‘भुताचा जन्म’ या कथा शाळकरी मुलांना इतक्या आवडतात, की एकदा वाचून झाल्यावर ती त्या दुसऱ्यांना सांगत सुटतात. तसे होणे स्वाभाविकच आहे. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले, आणि त्यांच्या कथा कागदाइतक्याच श्रोत्यांच्या कानांवर घडत गेल्या. मे महिन्यातील रात्री, वीज गेलेली असताना, अंगणात चटया टाकून ऐकण्यासाठीच त्या जणू लिहिलेल्या आहेत.

लहान मुलांसाठी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ ही नावे घरोघर ठाऊक आहेत. सायकलवरून संकटात शिरणारा आणि त्यातून सुटणारा फुरसुंगीचा बनेश फेणे अजून म्हातारा झालेला नाही. तितके ठाऊक नसलेले एक पुस्तक मात्र सीमाभागातील प्रत्येक घरी असावयास हवे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ साली चिकोडी तालुक्यातील एकसंबा येथे झाला, शालेय शिक्षण बेळगावात झाले आणि उत्तरायुष्य बहुतांशी धारवाडात गेले. ‘काजळमाया’चा हा लेखक नियतीच्या गूढ आणि दुःखमय कथांसाठी प्रसिद्ध आहे, त्याचे नाव काढताच सुटीचे वातावरण गंभीर होईल, अशी भीती कोणालाही वाटेल. पण याच लेखकाने ‘बखर बिम्मची’ नावाचे एक लोभस पुस्तक मुलांना दिले. बिम्म हा चिमुरडा मुलगा घराबाहेर पडतो, पाखरांशी आणि प्राण्यांशी बोलतो, त्यांना आपल्या घरच्या गोष्टी सांगतो आणि त्यांच्या घरच्या विचारतो. एवढ्याशा सामग्रीवर जी. एं.नी जे जग उभे केले आहे, ते पाहून वडीलधारेही थक्क होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला झोपेपूर्वी रोज एक प्रकरण वाचून दाखवावे.

ज्यांना विनोदापेक्षा उत्कंठा हवी असते, त्यांनाही निराश होण्याचे कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंजार व काळापहाड हे नायक एके काळी वाचनालयाच्या खिडकीवर झुंबड उडवीत. त्या कथांवर नाक मुरडणाऱ्या कित्येक विद्वानांचा वाचनाचा वेग त्यांनीच वाढवलेला असतो. दीर्घ दुपारींना दीर्घ कादंबरी हवी असेल, तर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आहे. १९६२ साली आलेली ही माधवराव पेशव्यांवरील कादंबरी लिहिणारे देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे, म्हणजे बेळगावचे शेजारी. एका बैठकीत पन्नास पाने सहज पुढे जातात, आणि सुटीत इतिहासाचा अभ्यास झाल्याचे समाधान वडिलांनाही लाभते.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे काही जणांच्या भुवया वर चढतील. सीमाभागातील मराठी मुलाच्या सुटीच्या टोपलीत एखादे कन्नड विनोदी पुस्तकही असावे. हे मूल कन्नड शिकलेले असते. शाळेत ती भाषा त्याच्या वाट्याला प्रश्नपत्रिकेच्या रूपाने येते. जसा मराठीचा केवळ अभिमान पुरत नाही, तशी कन्नडची केवळ परीक्षा पुरत नाही. बीची या टोपणनावाने लिहिणारे कन्नड विनोदकार आणि त्यांचा तिम्मा हा नायक कर्नाटकात घरोघर परिचित आहेत. तिम्म्याचे चुटके वाचून हसणारा मराठी मुलगा आणि रावसाहेब ऐकून हसणारा कन्नड शेजारी यांच्यात जो सलोखा उत्पन्न होतो, तो कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही. हा प्रकार सीमाभागाला नवा आहे, असेही नाही. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ मासिकाची कन्नड आवृत्ती १९४९ साली निघाली आणि मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली आला. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन्हींत तोच होता, रंगीत चित्रेही तीच होती. शेजारच्या दोन घरांतील मुले दोन लिप्यांतून एकच गोष्ट वाचीत होती. ते मासिक आता बंद पडले आहे. पण त्याने घातलेला पायंडा मोडण्याचे कारण नाही. बेळगावातच जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी आणि कन्नडमधील इतर अनेक ग्रंथ मराठीत आणले, आणि महाराष्ट्राला कन्नड साहित्याचा लळा लावला. दोन भाषांच्या सांध्यावर वाढल्याने केवळ भांडणच पदरी पडते असे नाही. कधीकधी दुहेरी श्रीमंतीही पडते.

पुस्तके मिळवायची कोठून, हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाहूनही ते नऊ वर्षांनी वडील आहे. तिथल्या सभासदत्वाला जो खर्च येतो, तो सुटीतल्या इतर खर्चांच्या मानाने किरकोळ आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि तिथे पुस्तकविक्रीही होते. त्या वेळी घेतलेली दोन पुस्तके उन्हाळ्यासाठी राखून ठेवावीत. निपाणीच्या विद्यार्थ्यांची तर मौज अशी, की त्यांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. घर एका राज्यात आणि ग्रंथालय दुसऱ्या राज्यात, अशी सोय फार थोड्यांच्या नशिबी असते. मुलांच्या हातातील मोबाइलचे काय करायचे, असे विचारणाऱ्या पालकांनी त्या यंत्राशी भांडत बसण्यापेक्षा त्यालाच कामाला लावावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. गोष्टी, कोडी, चित्रे आणि विज्ञान यांचा तो खजिना सीमेच्या कोणत्या बाजूचे मूल उघडते आहे, हे विचारीत नाही.

एवढे झाल्यावर वडीलधाऱ्यांनी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले पथ्य असे, की पुस्तक वाचून झाल्यावर ‘काय बोध घेतलास?’ हा प्रश्न विचारू नये. दुसरे असे, की मुलाला न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा असावी; पानावर वाढलेले सगळे संपवलेच पाहिजे, हा नियम जेवणापुरता ठीक आहे. तिसरे असे, की वाचताना शब्दोशब्दी उच्चार सुधारण्याचा मोह आवरावा. अडलेला शब्द सांगावा आणि गोष्ट पुढे जाऊ द्यावी. चौथे आणि सर्वांत अवघड असे, की घरातील मोठ्यांनी स्वतःही तासभर पुस्तक घेऊन बसावे. दिवाणखान्यात टीव्हीवरील चर्चा मोठ्याने चालू ठेवून आतल्या खोलीत मुलाला मराठी वाचायला बसवणे, हा उपदेश कोणत्याही भाषेत फळत नाही.

हलक्या पुस्तकांची गोडी लागलेला वाचक तिथेच थांबेल काय, अशी शंका काहींना येते. अनुभव उलट आहे. जो लंपनबरोबर रमला, तो इंदिरा संतांच्या कवितेकडे आज ना उद्या वळतो. ज्याने बिम्मची बखर वाचली, त्याला जी. एं.ची थोर आणि काळोखी कथा कधीतरी हाक मारते. ज्याला शंकर पाटलांच्या गावकऱ्यांचे हसू आले, तो निपाणीच्या महादेव मोरे यांच्यापर्यंत येऊन पोहोचतो. पिठाची गिरणी चालवीत मोरे यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ‘झोंबड’, ‘एकोणिसावी जात’ यांसारख्या पुस्तकांचा हा लेखक २०२४ साली निपाणीतच निवर्तला. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बाया, मोटारींवरचे चालक, अड्ड्यांवरची माणसे यांचे जिणे त्यांनी निपाणीच्या बोलीत मांडले. ते वाचन हलके नाही, उन्हाळ्याच्या दुपारी सुखाने पेंगत करण्याचे तर नाहीच. परंतु ज्या वाचकाची आपल्या बोलीशी हसतखेळत ओळख झालेली असते, त्यालाच त्या बोलीतले दुःखही ऐकवते. ज्याला हसण्याची सवय नाही, त्याला ती भाषा परकीच राहते, मग ती मातृभाषा का असेना.

मे महिन्याचा शेवट आला, की बेळगावकडे पावसाचे वेध लागतात. दप्तरे झटकली जातात, कोल्हापूरचे भाऊबंद एस.टी.ने परत जातात, वाचनालयाची पुस्तके परत करण्याची तारीख जवळ येते. त्या वेळी घरातील एखाद्या मुलाने ‘हे पुस्तक आणखी आठ दिवस ठेवून घेऊ या’ असे म्हटले, तर वडिलांनी खुशाल विलंबाचा दंड भरावा. तेवढ्या पैशांत एका घराला एक वाचक मिळालेला असतो.